सावलीकडची सीट

बंगळुरूत के. आर. पुरमहून एचएसआरला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ते गृहस्थ रोज उजवीकडे, सावलीत बसत आणि शेजारची जागा माझ्यासाठी पिशवी ठेवून धरत. नाव मी कधी विचारलं नाही. मांडीवर त्यांच्या संस्थेच्या अहवालाची कच्ची प्रत आणि हातात लाल पेन असे.

"आमची संस्था खुल्या बाजाराच्या बाजूची," ते पुणेरी मराठीत सांगत. "हवामानाचा बाऊ करून सरकारने नियम लादू नयेत. माणसं आपोआप जुळवून घेतात."

एप्रिलमध्ये एक म्हातारे माळी चढले. डावीकडे, उन्हातच जागा होती. दोन स्टॉपांत त्यांनी पंचा डोक्यावर घेतला, डोळे मिटले. आमचे गृहस्थ उठले, कन्नडमध्ये "अण्णा, बन्नी", म्हणजे 'या', म्हणत त्यांना आपल्या जागी बसवलं आणि स्वतः उन्हात जाऊन बसले.

"सर, त्यांना सवय असेल उन्हाची," मी म्हटलं.

"हो, हेच मी लिहिलंय," ते म्हणाले. "सावलीत बसून."

मग प्रत उघडून त्यांनी 'आपोआप' हा एकच शब्द खोडला. छापताना तो परत आला का, हे मी कधी विचारलं नाही.