कंदिलाची काच

आई गेली त्या दिवशी आमच्या घरात अगरबत्ती लागली. शेजारच्यांनी ती लावली. वडील उठले, त्यांनी खिडकी उघडली आणि परत आईजवळ येऊन बसले.

त्याआधी कितीतरी वर्षं आमच्याकडे अगरबत्ती नव्हती. हडपसरच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा मात्र ती रोज असे. समोरच्या शेतांत आयटी कंपन्यांच्या इमारती चढत होत्या. दिवसभर डंपर जात, टीव्हीवर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ बसे. म्हणून खिडक्या दिवसा बंद. संध्याकाळी डासांसाठी बंद. सरकारी क्वार्टरमध्ये संसार केलेल्या आईला या घराचं फार अप्रूप होतं. प्लायवुडचं कपाट उघडलं की डोळे चुरचुरत. "नव्या घराचा वास आहे तो, राहू दे," असं ती कौतुकाने म्हणे.

वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. संध्याकाळची बुद्धवंदना ते कचेरीइतक्याच शिस्तीने करत. मूर्तीपुढे फुलं, मेणबत्ती, अगरबत्ती. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, खिडकीची राहिलेली फटही बंद. कोपऱ्यात डासांची कॉइल जळत असे आणि आत नुकत्याच दिलेल्या फोडणीचा खकाणा भरलेला असे.

त्या घरात आईला धाप लागू लागली. आधी वंदनेच्या पाली गाथा म्हणताना ती मध्येच थांबे. मग बाहेर जिन्यात जाऊन बसू लागली. गाथांची चाल तिची पक्की, वडिलांची कच्ची. ती उठून गेली की त्यांचा सूर सुटे आणि ते दाराकडे बघत राहत.

डॉक्टरांनी तपासून विचारलं, "घरात विडी-सिगारेट कोण ओढतं?"

"कुणीच नाही," वडील जरा दुखावूनच म्हणाले.

डॉक्टरांनी सकाळपासून रात्रीपर्यंत घरात काय काय पेटतं, शिजतं, फवारलं जातं ते विचारून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे माणसं ओढत नाहीत, घर ओढतंय. खिडक्या उघडतात ना आपल्याकडच्या, की शोभेच्या आहेत?"

रिक्षात वडिलांनी बोटांवर एकेक गोष्ट मोजली. मग म्हणाले, "कॉइल बंद. अगरबत्तीही बंद. पण मेणबत्ती नाही सोडणार."

"सोडा कोण म्हणतंय? खिडकी उघडा," आई म्हणाली.

"वाऱ्याने विझेल ती."

"अहो, मग परत लावा. काड्यापेटी काय मी घेऊन पळतेय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून लोणी काळभोरच्या घरातला कंदील काढला. लहानपणी त्यांचा अभ्यास त्याच्याच उजेडात झालेला. त्याची काच आईने पुसून लख्ख केली. संध्याकाळी खिडकी उघडून वडिलांनी ती मेणबत्तीवर ठेवली. ज्योत लांबली, लाल झाली आणि विझली. पुन्हा लावली, पुन्हा विझली.

"हिलाही धाप लागली बघा," आई दारातून म्हणाली.

वडील काचेकडे बघतच राहिले. मग उठून फरशीचे तीन तुकडे घेऊन आले आणि काच त्यांच्यावर टेकवली. खालून वारा जायला वाट मिळाली. ज्योत सरळ उभी राहिली.

त्या दिवशी आई आत येऊन बसली. गाथा तिने शेवटपर्यंत म्हटल्या.

पुढे खिडक्यांना जाळ्या आल्या. डंपर सुरू होण्याआधी, पहाटेच सगळं घर उघडायचं आणि ओल्या फडक्याने धूळ टिपायची, हे वडिलांनी स्वतःकडे घेतलं. फोडणीआधी "खिडकी!" अशी त्यांची हाक येई. तोवर आई खिडकी उघडूनच उभी असे.

एकदा लोणीहून आलेली आत्या म्हणाली, "बिनअगरबत्तीची वंदना? पैसं न्हाईत का काय, दादा?"

"पैसे आहेत," वडील म्हणाले. "धूर खाणारं माणूस नाही."

आईचा दमा गेला नाही. पण ती पुन्हा जिन्यात जाऊन बसली नाही. शेवटी गेली ती हृदयाच्या झटक्याने.

आता वंदना वडील आणि मी करतो. चाल दोघांचीही कच्ची आहे. काच आहे, तिच्याखाली फरशीचे तीन तुकडे आहेत. अगरबत्ती आम्ही लावत नाही. खिडकी उघडी असते.