उभ्यानं मासा धरायचा पट्टा

माणसाला धक्का देण्याच्या बाबतीत माझ्या मामेसासऱ्यांचा हात धरील असा इसम उभ्या रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. हे माझ्या बायकोचे थोरले मामा. न्हावा शेव्याच्या बंदरात त्यांनी जन्मभर क्रेन चालवली आणि निवृत्त होऊन रेवदंड्याच्या घरी परतले ते कंबरेचं दुखणं घेऊन. पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नाही, अशी डॉक्टरांनी तंबी दिलेली. अशा माणसानं वाडीतल्या सुपाऱ्या मोजत बसावं की नाही? मामांनी ठरवलं, खोल समुद्रात जायचं, आपल्या वजनाचा मासा गळाला लावायचा आणि तो एकट्यानं, उभ्यानं ओढायचा. त्या 'उभ्यानं'वर त्यांचा भारी जोर. त्यांचा बाळपणचा मित्र असलेला नाखवा म्हणाला, "होडीवं खुर्ची ठोकून देतो तुला." मामा म्हणाले, "सगला जनम त्या क्रेनच्या केबिनात बसून काढला. आता उभा ऱ्हानार." यावर नाखव्यानंच हात टेकले, तिथं माझी काय कथा.

आता एवढा मासा उभ्यानं ओढायचा, तर गळाच्या काठीचं बूड टेकवायला अंगावर पुढच्या बाजूला एक पट्टा लागतो. त्याला वाटीसारखा खळगा असतो. शिवाय पाठीमागून येऊन काठीवरच्या रिळाला अडकणारा हार्नेस लागतो, म्हणजे ओढ हातांवर न येता अंगावर येते. हे सगळं मला मामांमुळेच कळलं आणि कळलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं. मामी त्या प्रकाराला साज म्हणत. "बैलाला पन येवरा साज नसतो," असं त्या ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणायच्या. भाचीसाठी मला पसंत करायला मामांना एक कप चहा पुरला होता. पट्टा पसंत करण्यात मात्र पावसाळे गेले.

मुंबईच्या एका दुकानात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. दुकानदारानं अदबीनं कंबरेचं माप विचारलं. "कंबर सोडा, मांडी बोला," मामा म्हणाले. पट्टा पोटावर बसला तर काठीचं बूड आतड्यात जाईल, तो चांगला रुंद हवा, खाली मांड्यांवर बसायला हवा, असं त्यांनी त्या भल्या माणसाला समजावलं. मग हातातल्या पिशवीतून मामींचं मुसळ काढलं, अंगावर बांधलेल्या पट्ट्याच्या खळग्यात टेकवलं आणि म्हणाले, "वढा." दुकानदार हबकला. त्याच्यापेक्षा मी जास्त हबकलो, कारण रेवदंड्यापासून माझ्या मांडीवर असलेल्या पिशवीत मुसळ आहे याचा मला पत्ताच नव्हता. दुकानदारानं बिचाऱ्यानं ओढलं. मामा डोळे मिटून स्वतःलाच विचारत होते, "लोड कुठं बसला?" हा त्यांचा क्रेनवरचा प्रश्न. वजन किती याची त्यांना पर्वा नसे, ते कुठं बसतं याची असे.

पट्टा एकदाचा ठरला, पण हार्नेसचं घोडं अडलं. पहिला खांद्यावरचा आणला. तो घालून मामांनी गच्चीच्या कठड्यावरून गळाच्या दोरीनं भरलेली बादली खाली सोडली आणि पुढचा आठवडाभर त्यांची मान शेजाऱ्यांच्या घराकडेच वळलेली राहिली. खांद्यावरचा लोड शेवटी कंबरेत उतरतो, म्हणून तो बाद. दुसरा कंबरेचा, तो ओढ लागली की सरकत बरगड्यांत चढायचा, तोही बाद. तिसरा बुडाखालून घ्यायचा होता, झोपाळ्याच्या फळीसारखा. त्यात मागे रेलून बसलं की सगळा भार बुडावर आणि पायांवर. हा मामांना पटला. फक्त कडक होता. नवी वहाण घालूनच नरम होते, या न्यायानं ते तो दिवसभर सदऱ्याखाली घालून हिंडू लागले.

शेजारच्या मुलीच्या लग्नाला ते तसेच आले. मंगलाष्टकं रंगात आली असताना मामा नवरीला आशीर्वाद द्यायला जरा लवकर पुढे झाले, हार्नेसचा आकडा अंतरपाटात अडकला आणि मामा वळले तसा अंतरपाट त्यांच्यामागून चालू लागला. मुहूर्ताआधीच नवरानवरीची दृष्टादृष्ट झाली. भटजींचा आ वासलेलाच राहिला. मामा शांतपणे मागे बघून म्हणाले, "आकडा पक्का हाय." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. त्या जोडप्याचं उत्तम चाललंय, ही गोष्ट वेगळी.

दिवाळीला मी जावई म्हणून सासरी गेलो. मामांकडे फराळाचं आमंत्रण होतं. मामींनी ओवाळलं, हातावर करंजी ठेवली. करंजी संपायच्या आत मामांनी माझ्या कंबरेला दोरी बांधली आणि मला किनाऱ्यावर नेलं. "जावयबापू, तुमी मासा व्हा. पला." नवा कोरा सदरा घालून मी रेवदंड्याच्या काळ्या वाळूत सैरावैरा धावत होतो आणि मागे मामा काठी धरून, गुडघे वाकवून, हवेतल्या खुर्चीवर बसल्यासारखे रेलले होते. मासे वाळत घालणाऱ्या बाया काम सोडून बघत राहिल्या. जावयाचा असा मान आमच्या घराण्यात कुणाला मिळाला नव्हता.

आणि एके दिवशी खरा मासा लागला. मी होडीवर होतो, म्हणून सांगतो. रीळ किंचाळलं, काठी वाकली, मामांनी आकडे अडकवले आणि मागे रेलले. होडीवरची रीत अशी की दोरीला ओढ लागली, की रिकाम्या हातानं ती धरायची. मासा सगळ्यांचा, तशी ओढही सगळ्यांची. नाखव्यानं सवयीनं काठीकडे हात नेला. "हात लावू नको," मामा गरजले. पण मासा त्यांना हळूहळू काठाकडे नेत होता, आणि ते स्वतः त्याला आकड्यांनी बांधलेले. तेवढ्यात नाखवा मागे गेला आणि त्यानं काठी नाही, मामांचा हार्नेस धरला. खलाशानं नाखव्याला धरलं, मी खलाशाला. मामांचा शब्द राहिला आणि होडीची रीतही. असं किती वेळ चाललं कोण जाणे. मग दोरी तुटली आणि आम्ही सगळे एकमेकांवर कोसळलो. सर्वांत वर मामा. आभाळाकडे बघत त्यांनी विचारलं, "उभा व्हतो ना मी?" खालून कुठून तरी नाखव्याचा आवाज आला, "व्हय रं, उभा व्हतास." मासा कुणी पाहिलाच नाही. मामांची कंबर मात्र दुखली नाही आणि ते महिनाभर हेच सांगत गावभर फिरले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. भेटायला गेलो तर मामा ओटीवर खुर्चीत बसलेले. त्यांना खुर्चीत पाहून मला रडूच आलं.

मामी आतून आल्या आणि मी उडालोच. लुगड्यावर, मांड्यांवर चापून त्यांनी तो पट्टा बांधला होता. मामांच्या बुडाखालून हार्नेस घेतला, त्याचे दोन्ही आकडे आपल्या पट्ट्यात अडकवले, गुडघे वाकवले आणि त्या मागे रेलल्या. अगदी मामांसारख्या. कधी बघून ठेवलं होतं त्यांनी? मामा तसूतसूनं वर येऊ लागले. मी धावलो.

"हात लावू नका, जावय," मामी म्हणाल्या. "त्यांचं ते उभं ऱ्हातील."

मामा अर्ध्या तोंडानं काहीतरी पुटपुटले. मला कळलं नाही. मामींना कळलं.

"बसलाय लोड, जागेव बसलाय," त्या म्हणाल्या. "तुमी उभं ऱ्हावा."

मामा उभे राहिले. पाय थरथरत होते, आणि मामींची चप्पल ओटीच्या गुळगुळीत फरशीवरून पुढे सरकत होती. मी मामींच्या मागे गेलो आणि त्यांच्या पट्ट्याची मागची कड घट्ट धरून ठेवली.