शेवटच्या गाण्यापर्यंत बसणारी बाई

भाच्याचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "मामी, बाई गेली," एवढंच तो म्हणाला. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. आत्ताच? एप्रिल नुकता लागला होता, अख्खा उन्हाळा पुढे पडला होता. कोणत्या गावाला कधी जायचं हे बाईंनी होळीपासून ठरवून ठेवलं होतं, माझी स्कूटरसुद्धा मागे लागून दुरुस्त करून घेतली होती, आणि स्वतः झोपेतच निघून गेल्या. कोणाला विचारणं नाही, सांगणं नाही. रडू नंतर आलं, भरपूर आलं... पण राग काही अजून पुरता गेलेला नाही.

कुंदाबाई माझ्या मोठ्या नणंद. गोसीखुर्दच्या धरणात त्यांचं सासर बुडालं, तेव्हापासून मुलाजवळ नव्या गावठाणात राहायच्या. पण उन्हाळा लागला की पिशवी भरून भंडाऱ्याला माझ्याकडे मुक्कामाला. आमच्याकडे एप्रिलच्या जयंतीपासून बुद्धपौर्णिमेच्या पुढेपर्यंत गावोगाव उघड्या मैदानात कव्वालीचे सामने होतात. एक पार्टी गाणाऱ्या बाईची, एक बुवाची. ती गाण्यातून सवाल टाकते, तो गाण्यातून जवाब देतो, आणि दिवस उगवेपर्यंत दोघांपैकी कोणी हटत नाही. बाईंना त्याचं वेड होतं, आणि त्या वेडाची शिक्षा मला. आंधळगाव असो की अड्याळ, स्कूटर काढायची मी, मागे बसून रस्ता चुकवायचा त्यांनी.

सामना सुरू व्हायचा रात्री जेवणं आटोपल्यावर, आणि बाई मैदानात हजर भर उन्हात! मंडपवाले अजून बांबूसाठी खड्डे खणत असायचे. डोक्याला ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून कमरेला खोचलेला कांदा, अशा थाटात बाई स्टेजसमोर सतरंजी अंथरायच्या आणि भोंग्याचं तोंड कुठे हवं हे साऊंडवाल्याला शिकवायला बसायच्या. रक्तदाबाची गोळी माझ्या पर्समध्ये. ती घ्या म्हटलं तर म्हणायच्या, थांबा मॅडम, गाणं होऊ द्या. मी झेडपीच्या शाळेत नोकरी केली म्हणून घरात, गावात, सगळीकडे त्यांनी माझं नाव मॅडम करून टाकलं होतं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

सगळ्यात जास्त मी कशाला वैतागले असेन तर त्यांच्या न उठण्याला. सामना कितीही रटाळ होवो, गळा बसलेला असो, मच्छर फोडून काढोत, शेवटचं गाणं झाल्याशिवाय बाई सतरंजीवरून हलायच्या नाहीत, आणि मलाही हलू द्यायच्या नाहीत. एकदा आंधळगावला असं वादळ सुटलं की कनाती उडाल्या, लाइट गेली, लोक शाळेच्या वऱ्हांड्यात पळाले. मैदानात उरलो आम्ही दोघी. माझ्या दाताखाली रेती करकरत होती. समोर ती बिचारी गाणारी पेटीवर पदर टाकून, माइकशिवाय, आमच्याकडे बघत आपलं कडवं पूर्ण करत होती. मी बाईंचा हात ओढला तर त्या माझ्यावरच खेकसल्या, "थे गाऊन राहिली अन् आपण उठून जायचं? थे का भिताडाले गाऊन राहिली?"

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं, म्हणून तोंड उघडता यायचं नाही. जुन्या गावात बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर दरवर्षी सामना व्हायचा. गाव उठायच्या आधीचा जो शेवटचा उन्हाळा, त्यात लोकांचं चित्त सामानात. अर्ध्यातून एकेक घर उठत गेलं, कोणाचा ट्रॅक्टर भरायचा होता, कोणाची छपरावरची कवेलू उतरवायची होती, आणि शेवटी बुवांनी मधेच पेटी बंद केली. मग लोक पांगले. कोणी गावठाणात, कोणी अड्याळला, कोणी पवनीला. सामना पुन्हा झालाच नाही. "गाव पाण्यानं मंग बुडालं, मॅडम," बाई म्हणायच्या. "आधी मैदान उठलं."

गावठाणात जयंतीला डीजे लागायचा. बाईंनी मागच्या वर्षी जयंती समितीच्या अमोलचं डोकं खाऊन खाऊन त्याच्याकडून यंदाच्या सामन्याला होकार काढला. तोही काही कच्चा नव्हता. त्याने अट घातली, आत्या, एक वर्ष करून पाहू, पण लोक अर्ध्यात उठले तर पुढच्या वर्षीपासून डीजे, आणि मग तू बोलायचं नाही. बाईंनी मला न विचारता कबूल केलं. तो सगळा उन्हाळा त्या दर मैदानात सतरंज्या तुडवत फिरल्या. जुन्या गावातलं कोणी दिसलं की त्याच्याशी कुजबुज. मी पाण्याची बाटली सांभाळत एकटी बसायची आणि मनात म्हणायची, गाणं ऐकायला आलात की सोयरीक जमवायला?

त्या गेल्यावर मी ठरवलं होतं, सुटले, आता गावठाणात काही जायचं नाही. पण अमोलचा फोन आला की आत्याच्या शब्दावर दोन्ही पार्ट्या सांगून ठेवल्या, आता तुम्हीच नाही आल्या तर कसं? गेले. धुसफुसत गेले. दिवस मावळताना पोचले तर मैदानात ही गर्दी! टेम्पो भरभरून लोक आलेले, मागे कितीतरी बाया उभ्या. आणि तरी मैदान भरलेलं दिसेना. जिथे तिथे भोकं. अमोल माइकवरून सरका सरका म्हणून ओरडून थकला, कोणी सरकेना. शेवटी मी शाळेतला आवाज काढून स्वतः गेले.

अड्याळहून आलेल्या एका घराची सतरंजी पहिली. मधे एक माणूस बसेल एवढी जागा रिकामी. सरका म्हटलं तर घरची सून म्हणाली, "थे कुंदाबाईची जागा हाय. मी तुमच्यापाशी बसतो म्हणे, जागा धरून ठेवजा." पुढच्या चटईवर तेच. त्याच्या पुढे तेच. या बाईने अख्ख्या जिल्ह्यात ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं की मी तुझ्याजवळच बसणार! जिवंत असत्या तर काय करणार होत्या? एका ठिकाणी बसल्या असत्या आणि बाकीच्यांचे रुसवे काढत मला फिरवलं असतं. मी तिथे उभ्या उभ्या मनात त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले... आणि डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं कळलं नाही. माझ्या सतरंजीकडे बघितलं. मीही एका कडेलाच पिशवी ठेवली होती. मला तर त्यांनी सांगितलंसुद्धा नव्हतं.

मग मी मागे उभ्या असलेल्या बायांना हाका मारल्या आणि एकेकीला त्या रिकाम्या जागांवर बसवायला लागले. एक म्हातारे बाबा रागावले, "तिची जागा काहून देता?"

"द्या बाबा," मी म्हटलं. "पण जी बसेल तिनं शेवटच्या गाण्यापर्यंत उठायचं नाही."

उजाडलं तेव्हा शेवटचं गाणं झालं. काही जणी एकमेकींच्या खांद्यावर पेंगत होत्या, एक तर चक्क घोरत होती, पण मैदान उठलं नव्हतं. अमोलने वायरी गुंडाळत डीजेचं नाव काढलं नाही, गाणाऱ्या बाईच्या पार्टीला पुढच्या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवू का, एवढंच विचारलं. मी पाठ धरून सतरंजी झटकत होते, तेवढ्यात ती अड्याळची सून आली. म्हणाली, मॅडम, पुढच्या वर्षी आमच्यापाशी बसजा, जागा धरून ठेवतो. मी हो म्हटलं. दोन चटया पुढे गेले तर दुसरी एक तेच म्हणाली. तिलाही मी हो म्हटलं.