आमचा आडत्या

आमच्या ग्रुपमध्ये योगेशला कोणी योगेश म्हणत नाही, सगळे आडत्या म्हणतात. मी गाते, मनोज ढोलक आणि ऑक्टोपॅड वाजवतो, योगेश ऑर्गनवर असतो. हळद, लग्न, भागवत सप्ताह, देवीचा जागर, जे मिळेल ते. चांदूर रेल्वेसारख्या गावचं लग्न आटोपून गाडीत बसलो की पाकीट योगेशच्या हातात असतं आणि आमचा जीव टांगणीला. कारण तो आधी वाटत नाही, आधी कापतो.

ही खोड बापाची. नत्थुजी पातूरच्या मळ्यातली वांगी-मेथी अकोल्याच्या बाजारात आणायचे. त्यांचं म्हणणं, हातात आला तो पैसा आपला नाही. माल विकून देणाऱ्या आडत्याची आडत म्हणजे दलाली, हमाली, गाडीभाडं जाऊन उरला तो आपला. योगेशने हेच गाण्याला लावलं. पेट्रोल आणि वाद्यांची दुरुस्ती बाजूला, मग दोन डबे. एक पावसाळ्याचा, कारण आषाढात लग्नं नसतात, पोट मात्र असतं. दुसरा सरकारचा. एखाद्या वर्षी कर लागतच नाही, तेव्हा विवरणपत्र भरून झालं की ते पैसे पावसाळ्याच्या डब्यात जातात. तोवर सरकारच्या डब्याला हात लावायचा नाही.

मनोज यावर धुसफुसायचा. बाकीचे कलाकार रोख घेतात, खातात, मोकळे होतात. यालाच कुठून सरकारचा पुळका? टोमणे मीही मारले. पण मागे ऑर्गन जळला तेव्हा बँकेने नव्यासाठी कर्ज दिलं ते याच्या विवरणपत्रांवर, माझ्या गळ्यावर नव्हे.

गेल्या नवरात्रात अमरावतीच्या एका मंडळाचं नऊ दिवसांचं काम ठरलं होतं, नव्वद हजारांचं. त्या भरवशावर मनोजने हप्त्याने नवा ऑक्टोपॅड घेऊनही टाकला. घटस्थापना तोंडावर आली आणि अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. चहा पाजला. मग योगेशला म्हणाले, पैसे नव्वदच मिळतील, पावती दीड लाखाची फाड. वर्गणीचा हिशेब कुठेतरी कमी पडत होता आणि पावतीपुस्तक ठेवणारा कलाकार त्यांना हा एकच सापडला होता. वरचा कर लागला तर तोही आम्ही देऊ, तुझं काय जाते?

योगेशने कप खाली ठेवला.

"जेवढं वाजवलं तेवढंच लिहीन, भाऊ. न वाजवलेलं मले लिहिता येत नाही."

काम गेलं. परतीच्या गाडीत मनोज एवढंच बोलला, की आता हप्ता कोण भरणार. योगेशने घरी आल्यावर पावसाळ्याचा डबा त्याच्यापुढे ठेवला. पावसाळा सरताना त्यात असणार किती? एक हप्ता निघाला. मनोजने दुसऱ्या डब्याकडे बोट दाखवलं. तो आपला नाही, असं म्हणून योगेशने झाकण दाबून बसवलं. मला संताप आला. हरिश्चंद्रच व्हायचं होतं तर आमच्याच नशिबी कावून आलास, असं तोंडावर म्हणाले त्याला.

अकोल्याच्या बाजारात मात्र बातमी पोचली. नत्थुजींच्या जुन्या ओळखीच्या, तिथे भाजी विकणाऱ्या गोदाबाईंनी निरोप धाडला. भाजीबाजारातल्या टिनाच्या शेडखाली दरवर्षी देवी बसते, तिच्यापुढे नुसते स्पीकर वाजतात. यंदा तुम्ही वाजवा. देता येईल तेवढंच देऊ, हेही त्यांनी सांगून टाकलं.

रोज संध्याकाळी वाजवलं. पहाटेच्या लिलावाला उठणारी माणसं ती, रिकाम्या क्रेटवर बसून ऐकायची आणि लवकर घरी जायची. गाताना घशात कांद्याचा वास जायचा. तरी इतकं मनापासून ऐकणारं माणूस मी लग्नाच्या मांडवात पाहिलं नाही.

दसऱ्याला गोदाबाईंनी कापडी पिशवी आमच्यापुढे रिकामी केली. दहा-वीसच्या ओलसर नोटा, चिल्लर. अठ्ठावीस हजार तीनशे चाळीस भरले. योगेशने तेवढ्याचीच पावती फाडली. गोदाबाईंना वाचता येत नाही. काय लिहिलं, म्हणून त्यांनी विचारलं.

"तुमी देलं तेवढं, मावशी."

त्यांनी पावतीची घडी घालून ती देवीच्या पायाशी ठेवली.

मग वाटणी. पैसे इतके थोडे होते, आणि मनोजचा पुढचा हप्ता समोर दिसत होता. योगेशचा हात थांबला. पहिल्यांदाच त्याने काही कापलं नाही, सरळ तीन ढीग करायला घेतले. ते पाहून मला वाईट वाटलं. ज्याला वर्षभर हसलो, त्याचं हे मोडणं मला नको होतं.

मनोजने योगेशच्या पिशवीतून सरकारचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे ठेवला.

"पयले आडत काढ," तो म्हणाला. "मंग वाट."