कचेरीत न आलेला साक्षीदार

एलोजीबुवा गेल्याची बातमी मला आमच्या कापडकारखान्यातल्या रुमानियन मुकादमाने दिली. सकाळची पाळी नुकतीच सुरू झाली होती. मागांच्या आवाजात तो दोनदा ओरडला तेव्हा कुठे मला ऐकू आलं, "तुमचा तो गाणारा म्हातारा... येरुहामचा... पहाटे गेला." त्याला बुवांचं नाव ठाऊक नव्हतं आणि मराठीचा एक शब्द कळत नव्हता. एकदा बेर्शेबाच्या बसमध्ये बुवा त्याच्या शेजारी बसून वाटभर गुणगुणत होते आणि उतरताना त्याचा हात धरून 'शालोम' म्हणाले होते, एवढीच ओळख. "जा तू," तो म्हणाला, "आपल्यात पुरायला उशीर करत नाहीत." मुकादम मला 'आपल्यात' म्हणाला हे बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं. गेली दोन वर्षं मी ज्या एका शब्दासाठी पत्रकं छापत होते, तो ह्या माणसाने मागाच्या आवाजात सहज उच्चारला होता... आणि तोही बुवांच्या मरणामुळे.

पुढचे सुतकाचे सात दिवस त्यांच्या घरी माणसं येऊन बसत होती. येणारा प्रत्येकजण सांगत होता की बुवा नम्र होते, बुवांनी कधी कुणाला दुखावलं नाही. साफ खोटं! बुवांनी तीन पिढ्यांना दुखावलं होतं. मेलेल्या माणसाला धुऊन, इस्त्री करून घडी घालून ठेवायची आपल्या लोकांना सवय आहे. बुवांवरच्या त्या पत्रकाचा विषय मात्र कुणी काढला नाही, कारण ते लिहिणारी तिथेच चटईवर बसली होती. तो आज मीच काढते. ज्या माणसाला मी छापून भेकड म्हटलं, त्याचं देणं छापूनच फेडलं पाहिजे.

कोकणातले आम्ही ज्यू इथे इस्राएल देशात आलो तेव्हा मी चौदा वर्षांची होते. येरुहाम म्हणजे वाळूत ठेवलेल्या पत्र्याच्या खोल्या होत्या. बुवा आमच्या ओळीत तिसऱ्या खोलीत राहायचे. अलिबागेच्या बाजूचे, मुंबईत गिरणीत काम केलेले. इथे त्यांच्या हातात सरकारने कुदळ दिली, मग रोपं दिली, मग गावातल्या कारखान्यात खोकी बांधायला बसवलं. संध्याकाळी ते आंघोळ करून पांढरी टोपी घालत, पेटी पुढे ओढत, आणि खोकी बांधणाऱ्याचे बुवा होत. आपल्याकडचं कीर्तन असतं तसंच आमचं. फक्त आख्यान योसेफाचं, मोशेचं, एलियाहू पैगंबराचं. बुवांच्या अब्राहामाच्या विहिरीला रहाट होता, काठावर नारळ होते आणि पाणी काढणाऱ्या बाया एकमेकींच्या सुनांबद्दल बोलत होत्या. खरी अब्राहामाची विहीर म्हणून दाखवतात ती बेर्शेबाला आहे, आमच्यापासून बसच्या वाटेवर. कुणीतरी त्यांना ती दाखवायला नेलं. परत आल्यावर मी विचारलं, "आता बदलणार का, बुवा?" तर म्हणाले, "बघितली गे. चांगली हाय. पन आपलीच राहू दे, तिला पानी जास्त हाय."

त्यांचं खास वैशिष्ट्य वेगळंच होतं, आणि दुसरे बुवा ते करत नसत. लग्नाआधीच्या कीर्तनात आख्यान संपलं की ते पेटी बंद करत आणि नवरानवरीच्या पूर्वजांची नावं गात. बापाकडची, आणि तितकीच आईकडची. अमक्या गावची अमकी, तिची आई तमकी, ती कुठून आली, काय करायची, कशाने गेली... सहा-सहा, सात-सात पिढ्या. कागद नाही, काही नाही. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा. पण म्हातारे त्या वेळी ताठ बसत. ते का ताठ बसत हे कळायला मला दहा वर्षं लागली.

बासष्ट साली माझं लग्न ठरलं. नवरा शिमोन, मोरोक्कोहून आलेला, बसच्या आगारात मिस्त्री. दोघं ज्यू, दोघं ह्या देशाचे नागरिक, दोघांच्या नखांत तेच ग्रीस. इथे विवाहनोंदणी धर्मगुरूंच्या कचेरीतच होते; तिथे गेलो, तर शिमोनला नाव-गाव विचारलं आणि मला आजी विचारली. आजीची आई विचारली. तिची आई विचारली. "हिंदुस्थानातून आलेल्यांच्या आया-आज्या ज्यूच होत्या का, ह्या चौकशीचा नियम आहे," कारकून म्हणाला. त्या चार वाक्यांनी माझ्यातली शांत मुलगी संपली. मी बेर्शेबाला आमच्या लोकांच्या समितीत गेले, सायक्लोस्टाइल मशिनचं चाक फिरवायला शिकले, मराठीत आणि हिब्रूत पत्रकं लिहू लागले. सभांमधून सांगत होते की भांडण तत्त्वाचं आहे. ते होतंच. पण लग्न माझं होतं, आणि शिमोनची आई दर शुक्रवारी विचारायची, "काय म्हणाले?"

कचेरीने सांगितलं, घराणं ओळखणारा जाणता साक्षीदार आणा. अख्ख्या येरुहामने एकच नाव सांगितलं. मी बुवांकडे गेले ती जवळजवळ नाचतच.

"नाय जमनार, पोरी."

"बुवा, तुम्हाला आमच्या घरची सगळी नावं पाठ आहेत."

"हायत ना. म्हनून तर."

"म्हणजे काय? दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही नावं सांगायची, ते लिहून घेणार."

"मी लिवून घ्यायला गात नाय."

"मग सरळ सांगा की घाबरलात."

त्यांनी सुतळीचा गुंडा पुढे ओढला. मग म्हणाले, "तसं समज." आणि खोकी बांधायच्या सुतळीचं एक टोक उसवत बसले.

मी तसंच समजले. त्याच आठवड्यात पत्रक काढलं, 'कीर्तनात सिंह, कचेरीत शेळी'. नाव घातलं नव्हतं, पण नाव घालायची गरज नव्हती. येरुहामपासून हैफापर्यंत वाटलं. पोरं त्यांच्या खिडकीखालून जाताना बें-बें करू लागली. दोन लग्नांची कीर्तनं दुसऱ्या बुवांकडे गेली. आठ दिवसांनी ते मला पाण्याच्या नळावर भेटले. मी भांडायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "मथळा झकास हाय गे. टाळीचा हाय. खाली जरा लांबलंय." आणि बादली उचलून गेले! त्या माणसाने दोन वर्षं ती शेळी गळ्यात बांधून घेतली. माझ्या आईला ते रोज भेटत, तिलाही एका शब्दाने बोलले नाहीत.

ह्या उन्हाळ्यात आमची माणसं यरुशलेमला जाऊन रस्त्यावर बसली, हे तुम्ही मुंबईत वाचलंच असेल. मी होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर बुवा! बसने आले होते, पेटी पोत्यात गुंडाळून. फुटपाथवर कुणाचीतरी गोधडी होती तिच्यावर बसले आणि गाऊ लागले. मी तोंड वाकडं करून विचारलं, "कचेरीत येणार नव्हता ना?"

"आत कुठं आलोय? भायेर हाय."

संध्याकाळी माझं भाषण होतं. मी म्हणाले, दोन हजार वर्षं आम्ही कोकणात शनिवार पाळला, आमच्या रक्तात परका थेंब मिसळू दिला नाही, आम्हाला कोण विचारणार? टाळ्या पडल्या. खूप पडल्या. मी खाली उतरले तेव्हा बुवांनी पेल्यात चहा ओतून ठेवला होता. म्हणाले, "बोललीस चांगली. ते थेंबाचं काढ."

"का काढू?"

"खोटं हाय म्हनून."

मग त्यांनी सांगितलं, तिथेच, गोधडीवर, चहा गार होईपर्यंत. माझ्या आईच्या आईची आई, तिचं नाव सोनी. तेलाचा घाणा असलेल्या आमच्या घरात कामाला दुसऱ्या धर्माची एक बाई होती, तिची आणि घरच्या धाकट्याची ही मुलगी. बापाने तिला घरात वाढवलं, आपल्या धर्मात वाढवलं, आपलं नाव लावलं. ती शनिवार पाळायची, उपास करायची, आमच्यातच लग्न करून आमच्यातच मेली. तरी गाव अशांना 'काळे इस्राएल' म्हणायचं. रंगाशी त्याचा संबंध नाही, आईवर ठरायचं; आई आपल्यातली नसली की मूल काळं. एलियाहूच्या नावाने मलिदा करतात, पोहे, नारळ, गूळ, फळं, आणि सगळे बसून खातात. बुवा लहान होते तेव्हा सगळे ओसरीवर बसायचे, आणि सोनीचं पान उंबऱ्याबाहेर.

"आनि जात्यावर तीच गायची," बुवा म्हणाले. "मी शेजारचा. तिच्या मांडीशी बसून शिकलो. पैली ओवी तिची," आणि हलकेच म्हणून दाखवली:

*पहिली माझी ओवी एलियाहू पाहुण्याला,*
*पाट टाका ओसरीला, पाणी द्या गं पाय धुण्याला.*

"उंबऱ्याभायेर बसून दुसऱ्याला ओसरीवर पाट टाकायची," ते म्हणाले. "तुझ्या मावशीच्या लग्नात तिचं नाव घेतलं, तवा तीन म्हातारे उठून गेले. मी पुन्यांदा घेतलं."

माझ्या डोक्यात तोवर दुसरंच चक्र फिरत होतं. कारकून, फॉर्म, आईची आई, तिची आई. "म्हणजे तुम्ही कचेरीत आला असता तर..."

"तर मला सोनी सांगाया लागली असती. ती सांगितली असती तर तुझं लगीन ऱ्हायलं असतं. ती गाळली असती तर मी बुवा कसला?"

"मग मला सांगायचं होतंत! दोन वर्षं मी तुम्हाला... भर बाजारात शेळी म्हटलं मी तुम्हाला!"

"तुला सांगितलं असतं तर तू पत्रक काढलं असतंस."

मला हसू आलं, मग रडू आलं, मग संताप आला. त्यांच्यावर, आमच्या गावावर, त्या तीन म्हाताऱ्यांवर. बुवा शांत होते. म्हणाले, "हे लोक जे इचारतात तेच आपन गावात इचारत होतो. ह्यांनी फारम छापले, येवढाच फरक. भांड ना तू, जोरात भांड. पन आमी सोवळे हाव म्हनून भांडू नको. मानसं हाव म्हनून भांड."

पत्रकं लिहायला मला समितीने शिकवलं. काय लिहायचं नाही, हे मला फुटपाथवर एका खोकी बांधणाऱ्याने शिकवलं. दुसऱ्या दिवशी मी तेच भाषण थेंबाशिवाय केलं. टाळ्या कमी पडल्या. बुवांनी एकट्याने झांज वाजवली, वेड्यासारखी, लोक वळून बघेपर्यंत.

आता वरचे सांगतात की नियम मऊ झाला. माझी नोंदणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. पण खालचा कारकून तोच आहे, फॉर्म तोच आहे आणि मनात आलं तर तो आजही आजी विचारू शकतो. कीर्तनाला बुवांना सांगून ठेवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी ते गेले. आता आमच्याकडच्या लग्नात आईकडची नावं कोण घेणार, हा प्रश्न त्या सात दिवसांत कुणीही काढला नाही. मला वाटतं, काहींना सुटल्यासारखं झालं. ताठ बसायचं कारण गेलं.

म्हणून हा लेख. लिहायच्या आधी मी शिमोनला सगळं सांगितलं, लग्न अडेल हेही सांगितलं. तो गाडीखाली होता. तिथूनच म्हणाला, "माझी पणजी कोण होती हे मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर आपण दोघं अडकलो असतो." मग बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "लिही."

आईला सांगायला मात्र मी दोन दिवस लावले. ती पोहे निवडत होती. मुंबईहून बोटीने आलेले, त्यांत खडे फार. मी बुवांचं सगळं बोलणं तिला सांगितलं, यरुशलेमचं, पानाचं, ओवीचं. मला वाटलं, आता ओरडेल, नाही छापायचं म्हणेल, माझ्या भावांची लग्नं व्हायची आहेत म्हणेल... ती म्हणाली, "मला ठाव हाय."

"कधीपासून?"

"माझ्या लग्नापासून. बुवा गायले ना तवा. तवा जवान होते, आवाज काय होता... तुझा बाप ताठ बसला होता. पन उठला नाय." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "छापतेस?"

"छापते."

"मग नीट छाप. सोनी काय सोनी? जल्मभर सगळे सोनी सोनी करत ऱ्हायले, पोरंटोरं पन. सोनाबाई लिव."