आत्या म्हणायचं नाही

वैभवी सासूला घरात आत्या म्हणायची आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मम्मीजी. होतीच ती आत्या, वडिलांची सख्खी बहीण. वैभवी पाळण्यात असतानाच चंद्रप्रभाआत्यानं ‘ही माझ्या निखिलला’ म्हणून टाकलं होतं. मामाची मुलगी केली, साताऱ्यात कुणाची भुवई हलली नाही.

गाझियाबादला मात्र हलली. नवी नवरी भोळेपणानं शेजारच्या त्यागी आंटींना सांगून बसली. आंटींचा चहाचा कप वाटेतच थांबला.

“हाय राम! भाई से ब्याह कर लिया?”

आठवड्याभरात लिफ्टमधल्या बायका तिला बघून गप्प व्हायला लागल्या. वर्षाच्या आत घर बदललं. नव्या सोसायटीत पाय ठेवताना आत्यानं बजावलं, “इथे मी मम्मीजी. पत्रिका जुळली, लग्न झालं. विषय संपला.”

विषय कसला संपतोय!

पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात सोनोग्राफीचा डॉक्टर तेच माप पुन्हा पुन्हा घ्यायला लागला. बाळाची हाडं आखूड होती, छाती अरुंद. मुलगी जन्मली, दोन तास धापा टाकत राहिली आणि गेली. ‘रिश्तेदारी में शादी?’ हे तेव्हाही विचारलं होतं. वैभवीनं तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, “नहीं जी, बिल्कुल नहीं.” मग डॉक्टर म्हणाले, योगायोग असावा, पुन्हा होण्याची शक्यता फारच कमी.

त्या ‘फारच कमी’ला धरून ती दोन वर्षं जगली. आता पुन्हा दिवस गेले होते, दहावा आठवडा. मेट्रोत कुणाच्या कडेवर पोर दिसलं की तिची नजर त्याच्या हातापायांच्या लांबीवर जायची. ऑफिसच्या बाथरूममध्ये तिनं मोबाईलवर वाचलं, ‘नात्यातल्या लग्नात’. पुढची ओळ वाचायची हिंमत झाली नाही.

दिल्लीच्या मोठ्या इस्पितळात, आनुवंशिक आजारांच्या विभागाबाहेर तिघं बसली होती.

“आत्या, मी आज खरं सांगणार आहे.”

“वेडी आहेस का? सांगून काय, गेलेली परत येणार आहे?”

“येणाऱ्याचं विचारायचंय मला.”

“म्हणजे माझ्यामुळे मेली ती? बोल ना. लग्न मीच ठरवलं होतं.” आत्याचा आवाज फाटला. दोन वर्षं बाई हे गिळून बसली होती, आणि वैभवीला वाटत होतं तिला लोकांचीच भीती आहे. निखिल ‘यहाँ लिंग जाँच नहीं होती’ ही भिंतीवरची पाटी तिसऱ्यांदा वाचत होता. असल्या वेळी नवरे पाट्या वाचतात.

आत डॉक्टरीणबाईंनी कागदावर नवराबायकोची दोन चिन्हं काढून मध्ये एक रेघ ओढली. “रिश्तेदारी में शादी तो नहीं?”

आत्यानं श्वास घेतला. तिनं तोंड उघडायच्या आत वैभवी बोलली. “ये मेरी सास हैं, पर पहले बुआ हैं. सगी.”

आता ‘हाय राम’ ऐकायला मिळणार म्हणून तिनं मान खाली घातली. बाईंनी पहिल्या रेघेशेजारी दुसरी ओढली, नात्यातल्या लग्नाची खूण, इतकंच.

“अच्छा. फिर तो हिसाब अलग है.”

हिशेब असा, की एकच दोष दोघांत लपलेला असेल तर दर खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. सोनोग्राफीत दिसेपर्यंत थांबायचं नाही. पहिल्या मुलीचं रक्त तेव्हाच याच विभागात पाठवलं होतं, ते जपून ठेवलेलं होतं, त्याच्याशी दोघांचं ताडून पाहायचं. ताडलं, आणि दोष दोघांतही निघाला. मग तेराव्या आठवड्यात पोटातून सुई घालून वारेचा तुकडा काढला. पुढचे पंधरा दिवस फोन वाजला की वैभवी आधी नंबर बघायची. घरात तिघं एकमेकांशी फक्त मिठाबद्दल बोलायची.

निरोप आला तेव्हा ती ऑफिसात होती. बाळात दोष एकाच बाजूनं आलाय, आईबापांसारखाच. हा आजार होणार नाही. तिनं तेच दोनदा वदवून घेतलं. हसू येईना. निखिलचा फोन लागेना, म्हणून आत्याला लावला. आत्या खाली बागेत, सोसायटीच्या बायकांत.

“आत्या, ठीक आहे बाळ.”

पलीकडून एका बाईचा आवाज आला, “किसका फोन है, आंटी? रो क्यों रही हो?”

“मेरी भतीजी का,” आत्या म्हणाली. “सगे भाई की बेटी. बहू भी वही है.”