गुहेच्या स्टेजचं संगीत

सहा वर्षं दर रविवारी सकाळी मी योगवर्गात पेटी वाजवत होते. तापीच्या राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका धर्मशाळेचा वरचा हॉल आहे. तिथे तीस-पस्तीस माणसं सतरंज्या टाकून आसनं करायची आणि शेवटी सगळे शवासनात पडले की मी अहिर भैरवाचे सूर हळूहळू सोडायचे. जिना उतरताना कुणीतरी म्हणायचं, "दीदी, आज बहुत शांत वाटलं." तेवढ्यावर माझा आठवडा छान जायचा.

एका रविवारी वर्ग घेणाऱ्या बाई मला दारातच म्हणाल्या, "दीदी, आज तुम्ही पण आडव्या व्हा, आराम करा. आज तुमच्या बहिणीने केलेलं संगीत लावून बघू."

मी हसून "हो, लावा ना" म्हणाले आणि पेटी तशीच बंद ठेवून भिंतीशी सरकवली. हसले खरी, पण कान तापले होते ते मला जाणवत होतं.

माझी बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमच्या घरात गाणं माझ्या वाट्याला आलं होतं, हे लहानपणीच ठरलं होतं. मी गुरुजींकडे शिकायला जायचे, परीक्षा द्यायचे, पाहुणे आले की अप्पा मला पेटीवर बसवायचे आणि म्हणायचे, "मोठीच्या हातात सूर आहे." धाकटीबद्दल म्हणायला त्यांच्याकडे काही नसायचं. ती दिवसभर व्हिडिओ गेम खेळायची. त्या वर्षांत बाहेरच्या देशांचा माल आमच्या बाजारात नुकताच उघडपणे दिसायला लागला होता, आणि मामांनी तिला टीव्हीला जोडायचा गेम आणि सोबत एक पिवळी कॅसेट आणून दिली होती.

गंमत म्हणजे ती जिंकायला खेळायचीच नाही. एक गुहेची स्टेज होती. तिथे राक्षस पोचत नाहीत असा एक कोपरा तिने शोधून काढला होता. त्या कोपऱ्यात आपला माणूस उभा करायची, हातातला कंट्रोलर खाली ठेवायची आणि गुडघ्यांना मिठी मारून ऐकत बसायची. तेच आठ-दहा सेकंदांचं टिणटिण परत परत. बाहेर गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट, आत ते टिणटिण, आणि पलीकडे मी अलंकार घोटतेय. मी ओरडायचे, "बंद कर ते!" ती आवाज कमी करायची, पण बंद नाही करायची.

मोठी झाल्यावर मी शाळेत संगीत शिकवायला लागले, लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहायला गेले. ती एका मिक्सिंग लॅबमध्ये लागली. लग्नांच्या व्हिडिओंना गाणी जोडायची, विदाईच्या जागी सनई टाकायची, असं काम. अप्पा गेल्यावर आईला दुपारी पडलं तरी डोळा लागेना, छातीत धडधड व्हायची. तेव्हा बहिणीने आईसाठी म्हणून ते पहिल्यांदा केलं. गुहेच्या स्टेजचं ते संगीत तिने कीबोर्डवर स्वतः पुन्हा वाजवलं, कॉम्प्युटरवर लांबवलं, चौपट-पाचपट संथ केलं, मधल्या टोचणाऱ्या जागा काढून टाकल्या आणि खाली तापीच्या पाण्याचा आवाज ठेवला. आई वीस मिनिटांत झोपली.

मग तिने पाण्याखालच्या स्टेजचं केलं, ढगांच्या स्टेजचं केलं. एक दिवस माझ्या घरी आली, पंखा बंद केला आणि मोबाइल पुढे धरून म्हणाली, "ताई, यात खाली एक सा पाहिजे, लंबा. पेटीचा. तू दे ना."

मी म्हणाले, "खेळण्यातल्या गाण्याला मी सूर देऊ? गुरुजी काय म्हणतील?"

गुरुजींना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. पंखा परत लावला आणि चहा न घेता गेली.

त्या रविवारी हॉलमध्ये मी पाठीवर पडून ते ऐकलं. ऐकलं असं म्हणते, पण खरं तर मी चुका शोधत होते. लोक मात्र हलेनात. एरवी माझ्या पेटीच्या वेळी कुणी खोकायचं, कुणी घड्याळ बघायचं. त्या दिवशी बाईंनी दोनदा "उठा" म्हटलं तेव्हा कुठे माणसं उठली. पुढच्या रविवारी पुन्हा तिचंच लागलं, त्याच्या पुढच्याही. बहीण कोपऱ्यात स्पीकरजवळ बसायची आणि लोक तिच्याभोवती जमायचे. केळीची बाग असलेले एक काका ब्लडप्रेशर उतरलं म्हणून सांगायचे. कापडबाजारातल्या दोघी-तिघी ती धून मोबाइलमध्ये घ्यायच्या, पुढे पाठवायच्या. मी मागे उभी राहून पेटीचं कव्हर चढवायचे. पेटी आणायचं मी थांबवलं नव्हतं. न वाजवता परत न्यायचे.

चौथ्या की पाचव्या रविवारी एक निवृत्त मास्तर उठून बसले ते डोळे पुसतच. वर्षापूर्वी त्यांची पत्नी गेली होती. ते बाईंना म्हणाले, "बेटा, हा कोणता राग आहे? मला वाटलं ती बाजूला येऊन बसली."

बाई म्हणाल्या, "मास्तरजी, ही फार प्राचीन धून आहे. आपल्या ऋषीमुनींच्या वेळची."

बहिणीने मान वर केली. ती काहीतरी बोलणार होती, मी तिचं तोंड उघडलेलं पाहिलं. पण तिच्या आधी मीच बोलले.

"कसली प्राचीन? व्हिडिओ गेमचं आहे ते! गुहेत राक्षस मारतात ना, त्याचं."

आणि मी हसले. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी आधीपासून मोबाइलवर ते मूळ टिणटिण शोधून ठेवलं होतं. म्हणजे मी तयारीनेच आले होते, हे आज लिहिताना कबूल करायला हवं. मी ते सगळ्यांसमोर लावलं. दोघं-चौघं हसले, मग बरेच हसले. "अरे, हे तर आम्ही पण खेळलोय!" असं कुणीतरी म्हणालं. मास्तर हसले नाहीत. ते रुमालाची घडी घालत राहिले.

बहिणीने स्पीकरची वायर काढली, हाताला गुंडाळली आणि माझ्याकडे न बघता जिना उतरून गेली.

पुढच्या रविवारी बाईंनी मला पेटी उघडायला सांगितली. माझी जागा मला मिळाली. मी अहिर भैरव सुरू केला आणि दोन मिनिटांत मला कळलं की मी घाई करतेय. सूर लावला की लगेच पुढचा, त्यानंतर एखादी हरकत, जणू परीक्षक समोर बसलेत. लोक पडले होते, पण एकाचा पाय हलत होता, दोघी डोळे उघडून छताकडे बघत होत्या. संपल्यावर मास्तर माझ्याजवळ आले. मला वाटलं कौतुक करतील. ते म्हणाले, "दीदी, ते गेमवालं कुठे मिळेल? घरी लावेन म्हणतो."

बहीण दीड महिना माझ्याशी बोलली नाही. आईकडे मी गेले की ती आत निघून जायची. एका दुपारी आई झोपलेली असताना तिच्या उशाशी मोबाइल वाजत होता. मी खाली बसले आणि पहिल्यांदा नीट ऐकलं. एक सूर लागतो, आणि पुढचा यायच्या आधी इतका वेळ जातो की तो येईल याची वाटच आपण सोडतो, आणि मग तो येतो. वीस वर्षं मी मुलांना शिकवत आले की विश्रांती हाही संगीताचा भाग आहे. ते मला कधी जमलं नव्हतं. हिला कुणी न शिकवता जमलं होतं. मला रडू आलं. पश्चात्तापाचं होतं असं म्हणायला मला आवडलं असतं. पण ते जळण्याचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या लॅबमध्ये गेले. ती कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ कापत होती. मी उभ्यानेच म्हणाले, "चुकलं माझं. सगळ्यांसमोर सांगायला नको होतं."

तिने हेडफोन मानेवर घेतला. "सांगितलं त्याचा राग नाही, ताई. मीच सांगणार होते, त्यांना झूठ बोलायचं नव्हतंच मला. तू हसली ना, त्याचा राग आहे."

"हो."

"तू लहानपणी पण अशीच हसायची."

मी स्टूल ओढून बसले. तिने तो हळदीचा व्हिडिओ थांबवला आणि दुसरं काहीतरी लावलं. नवीन होतं, बर्फाच्या स्टेजचं. तिने विचारलं, "इथे काहीतरी खटकतंय. काय ते समजत नाही."

मी ऐकलं. कोमल निषाद किंचित चढा लागत होता. "जरासं चढं आहे" असं मोघम सांगून मला सोडता आलं असतं, किंवा "छान आहे" म्हणून ते तसंच राहू देता आलं असतं. तो मोह झाला. पण मी नेमकी जागा दाखवली. तिने तो सूर बारीक उतरवला, आम्ही दोघींनी पुन्हा ऐकलं आणि ती म्हणाली, "हां. आता बसला."

आता वर्गात एक रविवार तिचा असतो, एक माझा. प्रत्येक धून लावायच्या आधी ती उभी राहून सांगते, ही अमक्या स्टेजची आहे, इथे पाणी असतं, इथे ढग. कुणी हसत नाही. माझ्या रविवारी माणसं थोडी कमी येतात. मी मोजत नाही असं सांगते, पण मोजते.

गेल्या नवरात्रात मी इच्छापूरला देवीच्या दर्शनाला निघाले होते. बसमध्ये शेजारच्या बाईच्या मोबाइलवर ढगांची धून लागली. ती मलकापूरहून आलेली, आमच्या ओळखीची ना पाळखीची. मी म्हणाले, "हे माझ्या बहिणीने केलंय."

तिचे डोळे मोठे झाले. "खरंच? माझी सासू रोज ऐकते हो! मग तुम्ही पण करता का असं?"

"मी पेटी वाजवते," मी म्हणाले, आणि मग मला थांबता येईना. गुरुजी, परीक्षा, पहिला नंबर, शाळेची बक्षिसं, सगळं सांगितलं. ती माऊली मान डोलवत राहिली. माझं बोलणं जरा थांबल्यावर ती हळूच म्हणाली, "फार छान हो," आणि तिने दोन्ही कानांत इअरफोन घातले.